शाळेच्या बसचं घर

यांच्याकडे मी घर मागितलं होतं आणि यांनी बस आणली. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय की आता मी तोंड उघडायच्या आत आमचे हेच ते वाक्य म्हणून दाखवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई अजून रागात आहे. तसं काही नाही, आता मजेत आहे. पण तेव्हा राग आला होता, आणि तो साधासुधा नव्हता.

आमचे हे लष्करातले. गाड्या चालवायच्या कामावर शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन बाहेर पडले. लग्न झाल्यावर मी सातारा जिल्ह्यातलं गाव सोडलं ते यांच्यामागून जम्मूपासून आसामपर्यंत हिंडत राहिले. जिथे जाऊ तिथे सरकारी क्वार्टर. खाट सरकारची, टेबल सरकारचं, आणि दोघांच्याही पायांवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. निवृत्तीच्या वेळी आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये होतो. मुलीचं कॉलेज चालू होतं म्हणून इथेच राहिलो, पालमला भाड्याच्या जागेत. हे गुडगावच्या एका शाळेत बसगाड्यांची व्यवस्था बघायला लागले, आणि बघता बघता स्वतःच एक बस चालवायला लागले, कारण हातात स्टिअरिंग नसलं की यांना करमत नाही. पुढे मुलीला सरकारी नोकरी लागली आणि सरोजिनी नगरला राहायला जागा मिळाली. म्हणजे तिचंही क्वार्टरच.

ही शाळेची नोकरी संपत आली तेव्हा मी यांना म्हटलं, "अहो, आता पुरे झालं. आता आपलं असं एक घर बघा. लहान असलं तरी चालेल."

त्याच सुमारास शाळेने जुन्या बस काढायला घेतल्या. यांची बसही त्यात होती. छोटीच, सीएनजीवर चालणारी. तिची रस्त्यावर धावायची मुदत अजून बरीच शिल्लक होती, पण शाळेला नव्या हव्या होत्या. भंगारवाला येऊन तिच्याभोवती फिरून गेला. त्या दिवशी हे जेवायला बसले. आमटी अळणी झाली होती तरी काही बोलले नाहीत, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, ती बस आपणच घेऊ. आतून घर करू. तू लहान चालेल म्हणालीस ना?"

मी घर डोक्यावर घेतलं. आयुष्यभर माझं सामान ट्रकमध्ये घालून हिंडवलंत, आता मलाच घाला, असं बरंच काही बोलले. यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी मी अट घातली. आरटीओच्या कागदावर ती बस म्हणूनच राहणार असेल तर मी तिच्यात राहायला येणार नाही. सरकारने तिला घर म्हटलं तर येईन. माझी खात्री होती की सरकार असलं काही म्हणणार नाही. पण लष्करातल्या माणसाला अट घातली की तो तिचा हुकूम करून टाकतो. हे चार ठिकाणी विचारून संध्याकाळी परतले ते हसतच. कायद्यात राहत्या गाडीचा वेगळा वर्ग आहे म्हणे, मोटर कॅराव्हॅन. आत झोपायची, बसून जेवायची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवायची पक्की सोय पाहिजे. तपासणीत पास झाली की आरसीवर तसं लिहून मिळतं. मी म्हटलं, "अच्छा." दुसरं काय म्हणणार?

मग शाळेचं परमिट जमा झालं, गाडीत बदल करायची परवानगी आली, आणि रंगाचा प्रश्न निघाला. शाळेच्या बसचा पिवळा आता ठेवायची सोय नव्हती. यांना लष्करी हिरव्याचं भारी वेड, पण तो रंग बाहेरच्या गाडीला देता येत नाही हे यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी रंगाच्या दुकानात त्या छटेवर बोट ठेवून उगाच उभे राहिले. शेवटी मी मधे पडले. सगळी बस दुधी आणि खाली मोरपंखी पट्टा, असं ठरवून टाकलं.

एकदा मधे पडले ती पडतच गेले. राहायला जायचं नाही हे ठीक, पण ओटा कुठे असावा हे दोन पुरुषांनी ठरवायचं म्हणजे काय? एक माझा नवरा आणि एक कीर्ती नगरचा सुतार. दोघांनी मिळून ओटा ड्रायव्हरच्या पाठीमागे अंधारात नेऊन ठेवला होता. मी तो हलवून खिडकीखाली आणला आणि खिडकी मोठी करून घेतली. पलंग दिवसा उचलून भिंतीला लावायचा. टेबल मिटून भिंतीत जाणारं. बाकांच्या पोटात कणकेचे आणि डाळीचे डबे. मागच्या बाजूला एक फडताळ. मुलगी बघायला आली तेव्हा मी सुतारावर ओरडत होते की फडताळाला कडी बाहेरून पाहिजे, रस्त्यात धक्का बसला तर सगळं अंगावर येईल. ती मला म्हणाली, "आई, फडताळ म्हणजे क्या?" दिल्लीत वाढलेली पोर, तिला कपाट एवढा एकच शब्द माहीत. मी हाताने दाखवलं. "अच्छा, हे! क्यूट आहे यार."

हळूहळू मला ती बस आवडायला लागली. तसं मी यांना सांगितलं नाही. दुपारी डबा द्यायचं निमित्त करून मी त्या मोकळ्या प्लॉटवर जायची, जिथे ती उभी असे, आणि हे जेवत असताना ओट्याशी उभी राहून खिडकीतून बाहेर बघायची. बाहेर काय होतं? कुणीतरी उन्हात टाकलेल्या रजया, आणि वरून घरघरत जाणारी विमानं. पण ती खिडकी मी म्हटलं तेवढी, मी म्हटलं तिथे होती. माझ्या म्हणण्याने आजवर कुठली भिंत हलली नव्हती.

विम्याची तऱ्हा वेगळीच. यांनी कंपनीत फोन लावला तर एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टम में तो यह स्कूल बस है. इसमें किचन का ऑप्शन ही नहीं आ रहा." यांनी तिला समजावलं की आता हिच्यात मुलं बसत नाहीत, आम्ही दोघं राहणार आहोत. ती म्हणाली, "सर, स्कूल बस में कोई रहता नहीं है." तिचंही बरोबर होतं. आधी आरसीवर वर्ग बदलून आणा, मग राहत्या गाडीची नवी पॉलिसी, आतल्या सामानाची वेगळी भर, असं तिने नीट सांगितलं. तोवर शेगडीने काही झालं तर कंपनी हात वर करणार. मी यांच्या हातून फोन घेतला आणि विचारलं, "और मेरी कढ़ाई?"

पलीकडून काहीतरी टाइप केल्याची खटखट आली. मग म्हणाली, "मैम, कढ़ाई भी आरसी के बाद."

म्हणजे सगळं येऊन अडलं तपासणीवर. परमिट गेल्यामुळे ती शाळेची बस राहिली नव्हती, आणि पास होईपर्यंत घर झाली नव्हती. अशी अधांतरी गाडी फार दिवस उभी करून ठेवता येत नाही. पास झाली नाही तर तिला भंगाराशिवाय दुसरी वाट नव्हती. तो भंगारवाला अधूनमधून यांना फोन करून "सूबेदार साब, सब ठीक?" असं विचारतच होता. फार प्रेमाने विचारायचा मेला. मला आता भीती वाटायला लागली होती. ज्या बसमध्ये राहायला जाणार नव्हते, तिचं घर झालं नाही तर मला पुन्हा घर मिळणार नाही हे मला कळून चुकलं होतं.

आता, तपासणी म्हटलं की आम्हा लष्करातल्या बायकांच्या अंगात काय संचारतं ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. बदली झाली की क्वार्टर परत द्यावं लागतं. खात्याचा माणूस येऊन खोली खोली बघतो. भिंतीला खिळ्याचं भोक, ओट्यावर तेलाचा डाग, पंख्याच्या पात्यावर धूळ, काही म्हणून सापडता कामा नये. आम्ही बायका आधीपासून घासायला बसतो. सामान पेटाऱ्यांत जातं, पेटारे व्हरांड्यात जातात, आणि खोल्या कोऱ्या होतात. यात माझा हात धरणारी कुणी नव्हती. मी सोडलेल्या क्वार्टरमध्ये कुणी राहत होतं असं वाटायचंच नाही. एकदा तर मोठ्या साहेबांच्या मेमसाहेबांनी बाकीच्या बायकांना माझं रिकामं क्वार्टर दाखवायला आणलं होतं. मी पदर सावरून दारात उभी होते, अभिमानाने.

तर बसच्या तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी, एकमेकांना काही न बोलता, तेच केलं. गाद्या, पांघरुणं, भांडी, डबे, शेगडी सगळं शेजारणीकडे नेऊन ठेवलं. पलंग उचलून भिंतीला आवळला. टेबल मिटवलं. ओटा लिंबाने घासला. यांनी नळाच्या तोटीला कंबरपट्ट्याच्या पितळेसारखी झिलई आणली. सगळं झाल्यावर हे मागे सरून उभे राहिले आणि म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास." मलाही तसंच वाटलं. त्या रात्री आम्ही निश्चिंत झोपलो.

तपासणीचं मैदान गुडगावच्या बाहेर होतं. इन्स्पेक्टर साहेब मफलर गुंडाळून, थंडीला वैतागून आले. बसमध्ये चढले, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, बुटाने जमिनीवर टकटक केली आणि परत आले. "यह तो खाली बस है."

हे सावधानमध्ये उभे. "सर, सब है. सब फोल्डिंग है."

"खाना कहाँ बनेगा? चूल्हा कहाँ है?"

"सर, पड़ोसन के यहाँ."

मी कपाळावर हात मारला. हे पलंगाचा पट्टा सोडायला धावले, तर तो इतका आवळून बसवलेला की सुटेना. साहेब तोवर खाली उतरले होते. "कौन रहेगा इसमें? लगता ही नहीं कि कोई रहता है," असं म्हणून त्यांनी शेरा मारला. पुढच्या तारखेला सगळी सोय बसवून आणा, आणि तेव्हाही असंच असेल तर फाइल बंद.

लगता ही नहीं कि कोई रहता है. हेच ऐकायला मी जन्मभर हात घासून घेतले होते, आणि आज ते ऐकून आम्ही नापास झालो.

 संध्याकाळी मुलगी आली. सगळं ऐकून आधी ती पोट धरून हसली. पड़ोसन के यहाँ, पड़ोसन के यहाँ, असं पुन्हा पुन्हा म्हणत हसली. मला हसू येत नव्हतं हे बघून मग माझ्याजवळ येऊन बसली. "आई, खरं सांगू? तू कुठल्याच घरात नीट राहिली नाहीस यार. राहायला गेल्या दिवसापासून तुझं निघायचंच चालू. मला भिंतीवर एक कॅलेंडरपण लावू दिलं नाहीस कधी."

"भोक पडलं असतं," मी म्हटलं.

"बिल्कुल. तेच तर सांगते आहे. आता पडू दे ना. आधी राहा तरी तिथे जाऊन."

मला ते लागलं. वाईट वाटलं ते तिच्या बोलण्याचं नाही. इतकी घरं झाली, आणि मला एकाचाही ओटा नीट आठवत नव्हता, फक्त तो कसा घासला ते आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं, चला, सामान बसमध्ये न्या, मी येते राहायला. अट माझी होती, ती मीच मोडली. यांनी एका अक्षराने टोमणा मारला नाही. पेटी उचलून निघालेच.

पुढच्या तारखेपर्यंत आम्ही त्या प्लॉटवर, बसमध्ये राहिलो. सुरुवातीला मी पाहुण्यासारखी वावरत होते. मग एक दिवस हळद सांडली आणि ओट्यावर पिवळा डाग पडला. माझा हात सवयीने लिंबाकडे गेला, तर हे म्हणाले, "राहू दे गं." डाग राहिला. खिडकीवर दोरी आली, दोरीवर यांचे मोजे आले. फडताळात जावेने गावाहून पाठवलेली भाजणी गेली. पहाटे थंडीत चहाचं आधण ठेवलं की खिडकीच्या काचेवर वाफ धरायची, आणि मी तिच्यावर बोटाने रेघा ओढत उभी राहायची. या वयात. फार बरं वाटायचं. आणि बरं वाटायचं म्हणूनच भीतीही वाटायची, की हे आता काढून घेतलं तर मी काय करू.

तारखेच्या दिवशी धुकं होतं. निघायच्या आधी माझे हात नुसते शिवशिवत होते. निदान अंथरुणाच्या घड्या तरी घालते म्हटलं, तर हे म्हणाले, "हात बांधून बस. हुकूम आहे." मैदानावर पोचलो तर धुक्यामुळे साहेबांना उशीर, आणि पुढे ट्रक-टेम्पोंची ही मोठी रांग. ऊन पडेपर्यंत तिथेच. पोटात कावळे ओरडायला लागले. मग घरात असताना भूक लागली की बाई जे करते ते मी केलं. भाजणी भिजवली, कांदा चिरला, आणि थालीपीठ लावलं. नाटक करायचं म्हणून नाही, अगदी देवाशपथ. यांनी आपल्या चपला पायरीखाली काढून ठेवल्या होत्या, माझ्याही तिथेच होत्या.

दुसरं थालीपीठ तव्यावर असताना साहेब आले. तोच मफलर. पायरीशी येऊन त्यांनी आमच्या चपलांकडे बघितलं, वर बघितलं, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मला आधी कळलंच नाही की हे काय करताहेत. बूट चपलांच्या शेजारी ठेवून ते मोज्यांवर आत आले. चुरगळलेली रजई बघितली. टेबलावर यांचा चष्मा आणि गोळ्यांची पाकिटं होती, ती बघितली. बाक उघडून डबे बघितले. मला घाबरून काय सुचावं? मी म्हटलं, "साहब, थालीपीठ खाओगे?" त्यावर यांनी असे डोळे वटारले! तपासणीच्या माणसाला खायला देणं म्हणजे लाच, असं यांचं गणित. साहेब म्हणाले, "ड्यूटी पर हूँ, माताजी," आणि एक लांब श्वास घेतला, "वैसे है क्या यह?"

पुढचं आधीच सांगून टाकते. आरसीवर मोटर कॅराव्हॅन असं यायला वेळ लागला, पण आलं. मग ते विम्याच्या मुलीच्या सिस्टमला दिसायला आणखी वेळ लागला, पण दिसलं. तिने आपणहून फोन केला, "मैम, अब किचन आ रहा है." कढईही पॉलिसीत गेली. हे ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात आणि आल्यागेल्याला काढून दाखवतात. जानेवारीत पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, गावाकडची माणसं आली तेव्हा आम्ही पानिपतला बस घेऊन गेलो आणि सगळ्यांना आमच्या घरी चहा पाजला, त्यांनाही दाखवले. मला त्या कागदांचं विशेष काही वाटत नाही. माझं काम त्या सकाळीच झालं होतं.

साहेब टेबलाशी बसून लिहीत होते. रांगेत आमच्या मागे असलेला ट्रकवाला कंटाळून आला आणि धाडकन पायरी चढला. चिखलाने भरलेले बूट, एक पाय आत. "साहब, मेरा नंबर कब आएगा?"

साहेबांनी मान वर केली आणि ओरडले, "अरे, जूते! घर है किसी का, दिखता नहीं?"

तो बिचारा उडी मारून खाली उतरला. "माफ करना, माताजी," असं मलाच म्हणाला, आणि पायरीवर पडलेला चिखल हाताने पुसायला लागला.

मी तव्याकडे तोंड करून उभी राहिले. किती साहेबांनी माझी घरं तपासली, पण कुणी असं कधी म्हणालं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. थालीपीठ करपत होतं, तेही करपू दिलं. मागे साहेब यांना चेसिसचा नंबर विचारत होते. तो यांना तोंडपाठ आहे, झोपेतसुद्धा सांगतील. पण यांच्या तोंडून आवाजच निघेना. साहेबांनी दोनदा विचारलं, आणि मग स्वतःच खाली उतरले, बूट घातले आणि वाकून नंबर बघून घेतला.